बावड्याच्या रस्त्यावर सायकल

गडहिंग्लज

चि. बाळास,


आक्काचा फोन आला होता. कॉलेजला सायकलनं जायचं ठरवलंस हे ऐकून मला बरं वाटलं. मंगळवार पेठेतून कसबा बावडा म्हणजे तुझ्या वयाच्या पोराला काहीच नाही. आक्काला मात्र झोप लागेना झालीय. “तू जन्मभर एस.टी. चालवलीस, आता भाच्याला जरा समजावून सांग,” म्हणाली. समजावून सांग म्हणजे सायकल सोडायला सांग, हे मला कळतं. ते मी सांगणार नाही. पण सायकलवर बसून जे कधी कळत नाही, ते स्टेअरिंगमागं बसलेल्या माणसाला रोज दिसतं. म्हणजे खरं तर दिसत नाही, आणि त्यातच सगळी गोम आहे.

बसच्या अगदी तोंडाशी उभा असलेला माणूस ड्रायव्हरला काचेतून दिसत नाही. डावीकडं तर विचारूच नकोस. आरशात काही भाग येतो, पण पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत बसला चिकटून आलेला सायकलवाला त्यातून सहज निसटतो. तुला अख्खी बस दिसत असते, म्हणून तूही तिला दिसतोस असं तुला वाटतं. बसच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतंय का बघ. दिसत नसेल तर त्याच्या लेखी तू रस्त्यावर नाहीसच. तोंड दिसलं म्हणून त्यानं तुझ्याकडं बघितलंच असं मात्र धरून चालू नकोस.

आता वळणाचं ऐक. लांब गाडी डावीकडं घ्यायची तर आम्ही आधी थोडी उजवीकडं ओढतो. त्या वेळी डाव्या कडेला मोकळी जागा तयार होते आणि दसरा चौकात सिग्नलला खोळंबलेल्या सायकलवाल्याला वाटतं, चला, वाट मिळाली. ती वाट नसते. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून येत नाहीत, आतून कापत येतात. तू शिरलेली जागा दोन-तीन सेकंदांत उरत नाही. म्हणून बस, ट्रक, टँकर सिग्नलला उभा असेल तर त्याच्या डावीकडून पुढं सरकायचं नाही, मागं उभं राहायचं. पाच मिनिटं उशीर झाला तर सर ओरडतील, ओरडू देत.

सध्या गळीत हंगाम सुरू आहे आणि तुझा रस्ता नेमका बावड्याचा, राजाराम कारखान्याचा. लाईन बाजारापासून भगवा चौकापर्यंत तुला उसाच्या ट्रॉल्या भेटणारच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि मिळून पंधरा-वीस टन ऊस. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरनं ब्रेक दाबला तरी मागचं वजन त्याला ढकलत राहतं. ड्रायव्हर मागं बघेल म्हणशील तर उसाच्या ढिगाऱ्याआड काय दिसणार? ऐकेल म्हणशील तर त्याचा डेक असा दणाणत असतो की बसचा हॉर्न ऐकू जात नाही, तिथं तुझी घंटी कुठली! शिवाय दुसरी ट्रॉली सरळ येत नाही, खड्डा आला की शेपटासारखी हलते. तिच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मधे कधीही जायचं नाही. ओलांडायचीच असेल तर उजवीकडून, पुढचा रस्ता लांबवर रिकामा दिसत असेल तरच. नाहीतर दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून मागून चालायचं. अगदी मागं लागलास तर ट्रॉलीतून ऊस सुटून अंगावर येतो. रस्त्यावर पडलेलं कांडं चाकाखाली गोल फिरतं आणि सायकल बाजूला घसरते, तेव्हा कांड्यावरून वळायचं नाही, ब्रेकही दाबायचा नाही, हँडल सरळ ठेवून पुढं जायचं.

पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात, चढाला साखळी धरून फुकट ओढून घेतात. तू यातलं काही करत नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझे मित्र करतात, हेही ठाऊक आहे.

कडेनं चालवायची म्हणजे किती कडेनं? घरात सगळे ‘एकदम कडेनं जा’ म्हणतात. मला ते पटत नाही. एकदम कडेला खडी, गटाराची झाकणं आणि उभ्या गाड्या असतात. तिथं चालवलंस की दर दहा पावलांना आत-बाहेर करावं लागतं, आणि मागच्या ड्रायव्हरला सर्वांत जास्त कशानं घोळ होत असेल तर या नागमोडीनं. कडेपासून हातभर आत आणि सरळ रेघेत चालव. उभ्या मोटारींपासून दार उघडेल एवढं अंतर राख. हॉलंडमध्ये दार लांबच्या हातानं उघडायला शिकवतात, म्हणजे मान आपोआप मागं वळते. आपल्याकडं राजारामपुरीत दार लाथेनं उघडतात. तिथल्या गल्ल्यांच्या तोंडाशी तर ब्रेकवर बोटं ठेवूनच राहा. आणि प्रवासी गोळा करत फिरणारं वडाप! कुणी हात केला की जागच्या जागी थांबतं, मागं कोण आहे याचा विचार नाही.

वळायचं असेल तर आधी मागं बघ, मग हात दाखव, मग वळ. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढं येते. तू दिसल्यापासून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा एक सेकंद गेलेला असतो. हात उशिरा दाखवलास तर तो दाखवून काही उपयोग नाही. उलट्या बाजूनं तर जायचंच नाही, कलेक्टर ऑफिसचा वळसा वाचत असला तरी. चौकातून बाहेर येणारा माणूस त्या बाजूला बघतच नाही.

हेल्मेटची सायकलला कायद्यानं सक्ती नाही, तरी घाल. दोन्ही कानांत हेडफोन नको. पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या खड्ड्याचा तळ दिसत नाही, तेव्हा त्यातून जाऊ नकोस. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर सुरुवातीला नुसतं घसरतं, म्हणून उतारावर आधीपासून हलकं दाबत राहा, ऐन वेळी गच्च दाबू नकोस.

दिव्याचं मात्र मनावर घे. नोव्हेंबरात सहाला अंधारतं आणि तुझं प्रॅक्टिकल सुटतं त्याच सुमारास. मागं लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर, पुढं पांढरा. काळं जॅकेट तुला शोभतं, आक्कानं फोटो पाठवला होता. तेच घालून अंधारात बावड्याहून परतणार असशील तर पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घे. आक्काकडं दिव्याचे पैसे दिलेत, ते वडापावात जाऊ देऊ नकोस. रविवारी येतोय, तेव्हा पुढचा ब्रेक मी स्वतः दाबून बघणार आहे.

तुझा,
मामा