घड्याळाची वेळ आणि घड्याळाची चाल

एखाद्या घरात दोन घड्याळे आहेत, अशी कल्पना करा. पहिले नेहमी पाच मिनिटे पुढे असते. पण त्याची चाल वर्षानुवर्षे तीच राहते. दुसरे रोज आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावले जाते. मात्र मधल्या काळात ते कधी रेंगाळते, कधी धावते. दुसरे वेळेला खरे, पहिले चालीला. चालीच्या या एकसारखेपणालाच शास्त्रज्ञ ‘वारंवारतेचे स्थैर्य’ म्हणतात. उपग्रहांच्या आधारे चालणारे कालमापनाचे उपकरण निवडताना हा भेद ध्यानात घेतला नाही, तर महागडे उपकरणही कुचकामी ठरते.

जी.पी.एस. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. त्यांचे संदेश टिपणारा रिसीव्हर दर सेकंदाला एक विद्युतस्पंद देतो. चांगल्या रिसीव्हरचा स्पंद खऱ्या क्षणापासून बहुधा शंभर नॅनोसेकंदांच्या आतच ढळतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. विजेच्या जाळ्याला एवढे पुरून उरते. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील जाळे कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी बंद पडली. अशा प्रसंगी कोणती वाहिनी आधी तुटली हे शोधायचे, तर दूरदूरच्या उपकेंद्रांतील नोंदींची वेळ मिलिसेकंदापर्यंत जुळावी लागते. स्पंद किंचित मागेपुढे झाला म्हणून तेथे काही बिघडत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये कृष्णविवराची प्रतिमा मिळवण्यासाठी जगातील आठ रेडिओ दुर्बिणी एकत्र आल्या, तेव्हा गरज निराळी होती. त्या टिपत असलेल्या लहरींची सेकंदाला सुमारे २३० अब्ज आवर्तने होत होती. अवघ्या दहा नॅनोसेकंदांत २,३०० आवर्तने होऊन जातात! म्हणून चालीसाठी ठिकठिकाणी हायड्रोजन मेसर हे अत्यंत स्थिर अणुघड्याळ वापरले गेले, जी.पी.एस.कडे वेळ जुळवण्याचे काम राहिले.

एवढा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी मधली वाट आहे. क्वार्ट्झचा स्फटिक एकसारख्या उबेत ठेवला, की काही सेकंदांपुरती त्याची चाल उपग्रहाधारित स्पंदांहून समान असते; दिवस जातील तशी मात्र ती ढळते. उपग्रहाचे याच्या उलट. म्हणून या जोडउपकरणात चाल स्फटिकाची आणि लगाम उपग्रहाचा. गोम अशी, की चुकलेली वेळ भरून काढायची तर चाल तेवढ्यापुरती बदलावीच लागते. सुधारणा झटपट केली तर चाल बिघडते; सावकाश केली तर वेळेची चूक रेंगाळते.

छतावरील अँटेनापासून येणाऱ्या तारेचेही असेच. तारेच्या दर मीटरला संदेशास सुमारे पाच नॅनोसेकंद उशीर होतो. ज्याला अचूक वेळ हवी, त्याला तीस मीटर तारेचे दीडशे नॅनोसेकंद हिशेबात धरावेच लागतात. ज्याला केवळ चाल हवी, त्याचे या उशिराने काही अडत नाही; तो रोज तेवढाच राहिला म्हणजे झाले.