हॅलो, तुमचं मतदान केंद्र बदललंय!

निवडणुकीतली गडबड म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बोगस मतदान, पैशांची पाकिटं, फार तर बूथ ताब्यात घेणं. हे सगळं करायला माणसं लागतात, गाड्या लागतात आणि चार लोकांच्या नजरेला ते पडतंच. पण गेल्या दोन-अडीच दशकांत असा एक प्रकार पुढे आला आहे की ज्याला यातलं काहीच लागत नाही. एक कॉम्प्युटर, मतदारांच्या फोन नंबरांची यादी आणि अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग, बस्स! फोन वाजतो, खोटी माहिती दिली जाते आणि मतदार घरी बसतो किंवा भलतीकडेच जातो. ना धमकी, ना पैसे. आपलं मत कोणी खाल्लं हे त्या बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही.

विषय राज्यशास्त्राचा वाटतो ना? पण या फोनमागचं सगळं तंत्र आपल्या टेलिकम्युनिकेशन आणि कॉम्प्युटरच्या वर्गात शिकवलं जातं. म्हणून हा विषय आपल्यालाही थोडा समजून घ्यायला हवा.

ग्वेल्फची सकाळ

कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात ग्वेल्फ नावाचं एक विद्यापीठाचं गाव आहे. २ मे २०११ हा तिथे संसदेच्या निवडणुकीचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास गावातल्या सुमारे ६,७०० नंबरांवर दहा-पंधरा मिनिटांत एकच रेकॉर्ड केलेला फोन गेला. बोलणारी बाई सांगत होती की हा निवडणूक कार्यालयाचा संदेश आहे, आज मतदानाला गर्दी जास्त होणार असल्याने तुमचं केंद्र बदललं आहे, आता अमुक मॉलमध्ये जा. शेवटी 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' हेही होतं!

फोन खोटा होता. कोणाचंही केंद्र बदललेलं नव्हतं. पण दीडशेच्या वर मतदार त्या मॉलमध्ये जाऊन थडकले. कोणी म्हातारं, कोणी लहान मूल घेऊन आलेलं, कोणी कामावरून वेळ काढून आलेलं. काही जण तिथून योग्य केंद्रावर गेले, काही वैतागून घरी परतले.

चौकशीत जे बाहेर आलं ते एखाद्या डिटेक्टिव्ह कथेसारखं आहे. फोन लावण्याचं काम एडमंटन शहरातल्या एका ऑटोमॅटिक कॉलिंग कंपनीच्या यंत्रणेतून झालं होतं. कंपनीला संदेशात काय आहे याचा पत्ताही नव्हता. ग्राहकाने प्रीपेड मोबाइल वापरला होता आणि पैसे प्रीपेड कार्डातून दिले होते. त्याने दिलेलं नाव होतं 'पिएर पुटीन'. पुटीन हा बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि रस्सा घालून करतात तो तिकडचा पदार्थ. आपल्याकडे कोणी 'बाबूराव मिसळ' नावाने सिमकार्ड घ्यावं तसंच! इंटरनेटवर माग लागू नये म्हणून प्रॉक्सी सर्व्हरसुद्धा वापरला होता. आणि फोन सरसकट सगळ्या गावाला गेले नव्हते. एका पक्षाच्या डेटाबेसमध्ये 'हे आपले मतदार नाहीत' अशी नोंद असलेल्यांनाच ते गेले होते.

शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल सोना हा त्या पक्षाच्या स्थानिक उमेदवाराचा प्रचार कार्यकर्ता दोषी ठरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. घटना घडली तेव्हा त्याचं वय होतं २२. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढं. त्याने हे एकट्याने केलं नसावं असं मत न्यायाधीशांनी नोंदवलं, पण शिक्षा दुसऱ्या कोणालाच झाली नाही.

खोट्या फोनच्या चार तऱ्हा

जगभरातली प्रकरणं पाहिली तर साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार ग्वेल्फचा : जागा, तारीख किंवा वेळ चुकीची सांगायची. यात मतदाराचं मत बदलायची गरजच नसते. त्याचा फक्त अर्धा तास चुकीच्या जागी खर्च करायचा.

दुसरा प्रकार 'निवांत राहा' म्हणायचा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात २ नोव्हेंबर २०१० रोजी गव्हर्नरपदासाठी मतदान चालू होतं. संध्याकाळी, केंद्रं उघडी असतानाच, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांच्या एक लाखाहून जास्त घरी रेकॉर्डेड फोन गेले. सार असं की आपलं काम फत्ते झालं, आता काळजी नको, आरामात टीव्हीवर निकाल बघा. ऐकणाऱ्याला वाटावं की फोन आपल्याच माणसांचा आहे. प्रत्यक्षात तो विरोधी उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेने करवला होता आणि फोन कोणाकडून आहे हे त्यात कुठेच सांगितलं नव्हतं. त्या उमेदवाराचा प्रचारप्रमुख डिसेंबर २०११ मध्ये दोषी ठरला.

तिसरा प्रकार खोट्या सर्वेक्षणाचा. 'अमुक उमेदवाराने असं असं केलं हे तुम्हाला कळलं तर तुम्ही त्याला मत द्याल का?' असा प्रश्न विचारायचा. उत्तराशी काही देणंघेणं नसतं. प्रश्नातूनच अफवा पोचवायची असते. जॉन मॅकेन यांच्याविरुद्ध २००० साली साउथ कॅरोलायना राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीत असे फोन झाल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं की खोटं बोलल्याचा आरोप ठेवणंही अवघड जातं.

चौथा प्रकार सगळ्यात ताजा : नक्कल केलेला आवाज. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २३ जानेवारी २०२४ रोजी प्राथमिक निवडणूक होती. दोन दिवस आधी हजारो मतदारांना फोन आला, आवाज हुबेहूब तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांचा. आत्ता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असा सल्ला. खरं तर प्राथमिक निवडणुकीत मत दिल्याने नोव्हेंबरचं मत जात नाही. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता. तो बनवून देणारा न्यू ऑर्लिन्सचा एक जादूगार होता. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि मला १५० डॉलर मिळाले, असं त्याने नंतर सांगितलं.

चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. फोन येतो तो अगदी शेवटच्या घटकेला, जेव्हा खुलासा करायला कोणालाच वेळ उरत नाही. पेपरातल्या खोट्या बातमीला दुसऱ्या दिवशी उत्तर देता येतं. मतदान संपायच्या आधी दोन तास आलेल्या फोनला उत्तर कधी द्यायचं?

नंबर खोटा कसा दिसतो?

आता थोडा अभ्यास. आपण स्क्रीनवरचा नंबर पाहून फोन उचलतो. पण तो नंबर म्हणजे पुरावा नाही, तो नुसता दावा आहे. पोस्टाच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात आपण प्रेषकाचा पत्ता लिहितो. तो खरा आहे का हे पोस्टमन तपासत बसतो का? तसंच इथे.

जुन्या टेलिफोन जाळ्यात फोन जोडताना एक्स्चेंज एकमेकांना जे सिग्नल पाठवतात, त्यात फोन करणाऱ्याचा नंबर ही एक माहिती असते. घरगुती लाइनचा नंबर एक्स्चेंज स्वतः भरतं. पण मोठ्या ऑफिसच्या किंवा कॉल सेंटरच्या लाइनवर हा नंबर ग्राहकाच्या यंत्राला भरता येतो. त्यामागे कारणही योग्य आहे : शंभर टेबलांवरून फोन गेले तरी समोर कंपनीचा एकच नंबर दिसावा. इंटरनेटवरून होणाऱ्या फोनमध्ये तर हे आणखी सोपं झालं. एसआयपी प्रोटोकॉलच्या संदेशात 'फ्रॉम' नावाचं एक हेडर असतं. त्यात काय लिहायचं हे पाठवणारा ठरवतो आणि वाटेतल्या कंपनीने तपासलं नाही तर ते तसंच पुढे जातं. न्यू हॅम्पशायरच्या फोनवर डेमोक्रॅटिक पक्षाच्याच एका माजी राज्य पदाधिकाऱ्याशी संबंधित नंबर दिसत होता!

यावर इंजिनिअरांनी 'स्टर-शेकन' नावाची पद्धत काढली. तत्त्व आपल्या ओळखीचं आहे, डिजिटल सही. फोन जिथून निघतो ती कंपनी आपल्या प्रायव्हेट कीने कॉलवर सही करते, पलीकडची कंपनी पब्लिक कीने ती पडताळते. सहीला तीन दर्जे आहेत. 'ए' म्हणजे ग्राहक ओळखीचा आणि नंबर वापरायचा हक्क त्याला आहे. 'बी' म्हणजे ग्राहक माहीत, नंबराची खात्री नाही. 'सी' म्हणजे कॉल आमच्याकडून पुढे गेला एवढंच. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून हे सक्तीचं झालं.

आणि गंमत बघा. न्यू हॅम्पशायरचे ते खोटे फोन ज्या कंपनीतून निघाले, तिने त्यांना 'ए' दर्जाची सही दिली होती! गणित बरोबर, की बरोबर, पडताळणीही बरोबर, फक्त सुरुवातीला नंबर खरंच या ग्राहकाचा आहे का हे कोणी नीट पाहिलं नाही. त्या कंपनीने पुढे दहा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. क्रिप्टोग्राफी सही कोणाची ते सांगते. सही करणारा डोळे उघडे ठेवून करतो की नाही हे ती सांगू शकत नाही.

कायदा येतो, पण मागाहून

ग्वेल्फसारख्याच तक्रारी २०११ मध्ये कॅनडात इतर ठिकाणांहूनही आल्या आणि सहा मतदारसंघांचे निकाल रद्द करावेत म्हणून मतदार कोर्टात गेले. मे २०१३ मध्ये कोर्टाने मान्य केलं की लबाडी झाली. पण तिच्यामुळे निकाल बदलला हे सिद्ध झालं नाही, म्हणून निकाल कायम राहिले. पुढे २०१४ मध्ये कायदा बदलला. मतदारांना असे फोन करणाऱ्यांना तिथे नोंदणी आणि रेकॉर्डिंग जपून ठेवणं बंधनकारक झालं.

अमेरिकेत ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दूरसंचार आयोगाने स्पष्ट केलं की कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या फोनलाही १९९१ च्या कायद्याची बंधनं लागू आहेत. बायडेन यांच्या आवाजातले फोन करवणाऱ्या प्रचार सल्लागाराला साठ लाख डॉलरचा दंड झाला. मात्र फौजदारी खटल्यात जून २०२५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

म्हणजे शिक्षा झाली तरी ती बऱ्याच काळाने. हुकलेलं मत मात्र परत येत नाही. त्या दिवसाच्या मताला सप्लिमेंटरी परीक्षा नाही!

आपल्याकडे

रेकॉर्डेड फोन आपल्याला नवे नाहीत. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयींच्या आवाजातले फोन देशभर गेले होते. त्यात फसवणूक नव्हती. बोलणारा कोण आणि कशासाठी बोलतोय हे उघड होतं. यंत्राने फोन लावला म्हणून तो वाईट ठरत नाही. बोलणारा स्वतःला कोण म्हणवतो आणि सांगतो ते खरं आहे का, हे पाहायचं.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांत राजकीय प्रचाराच्या घाऊक एसएमएस आणि व्हॉइस संदेशांना निवडणूक आयोगाने पूर्वप्रमाणन लावलं आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने फोनच्या ओळखीशी छेडछाड हा गुन्हा ठरवला आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे प्रभाग वेगळे असतात आणि विधानसभेला जिथे मत दिलं तेच केंद्र इथे असेलच असं नाही. म्हणून 'तुमचं केंद्र बदललंय' हे वाक्य खरं वाटायला इथे जास्त वाव आहे. शिवाय वॉर्डाचा निकाल पंधरा-वीस मतांनी लागल्याचंही आपण ऐकतो. तिथे थोडेच फोन पुरे पडतील.

मग करायचं काय?

१. केंद्र, तारीख, वेळ यातली कुठलीही गोष्ट नुसत्या फोनवर विश्वास ठेवून बदलू नये. मतदार यादी, आयोगाची वेबसाइट किंवा निवडणूक कार्यालयात खात्री करावी.

२. फोनमध्ये दिलेल्या 'हेल्पलाइन' नंबरवर खात्री करू नये. ग्वेल्फच्या संदेशातही असा नंबर दिलेला होता! नंबर आपण स्वतः शोधावा.

३. आलेला नंबर, वेळ आणि शब्द लगेच लिहून ठेवावेत, जमलं तर रेकॉर्ड करावेत आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. ग्वेल्फचा माग लागला तो लोकांनी तक्रारी केल्या म्हणून.

४. गावी आई-वडील, आजी-आजोबांना मतदानाच्या आदल्या दिवशी एक फोन करावा. हा फोन मात्र खरा!

आणि एक शेवटचं, खास आपल्यासाठी. ग्वेल्फचा २२ वर्षांचा कार्यकर्ता आणि १५० डॉलरमध्ये आवाज करून देणारा तो जादूगार, यांच्या जागी उद्या आपल्यापैकी कोणीही असू शकतो. बल्क कॉलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणं, नंबरांची यादी लोड करणं, आवाजाची फाइल तयार करणं ही पार्टटाइम कामं आपल्याकडेच येतात. काम घेताना दोनच प्रश्न विचारायचे : या फोनवर खरं नाव आणि खरा नंबर असेल ना? संदेशातलं प्रत्येक वाक्य खरं आहे ना? समोरचा उत्तर द्यायला कचरला तर ते काम सोडून द्यायचं. पॉकेटमनी दुसरीकडे मिळेल.