बोंड्याची वहिवाट

कुत्र्याचे पिल्लू घरी आणावयाचे ठरले म्हणजे आपल्याकडे त्याच्या जातीची, रंगाची, कानांच्या ठेवणीची आणि आईच्या इमानाची कसून चौकशी होते. परंतु ते जन्मल्यापासून कशावर निजले आणि पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी अंथरुणापासून दूर जाऊन कशावर बसले, हे विचारणारा गृहस्थ माझ्या तरी पाहण्यात नाही. तहसील कचेरीत उभी हयात जमिनीचे तंटे लिहिण्यात गेली म्हणून असेल, पण घर घाण करणाऱ्या पिल्लाचा प्रश्न हा मुळात वहिवाटीचा प्रश्न आहे असे माझे ठाम मत बनले आहे. आणि ते बनविण्यास २०१८ चा उन्हाळा व आमच्या मागच्या खोलीतला कापसाचा ढीग ही दोन्ही सारखीच कारणीभूत झाली.

त्या वर्षी यवतमाळास पाणी पुरविणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही जलाशयांनी तळ गाठला होता, नळ केव्हा येईल याचा भरवसा उरला नव्हता, आणि टँकरमागे बादल्या घेऊन धावणे हा शहराचा नित्यक्रम होऊन बसला होता. फरशी पुसावयाचे पाणीही मोजून घ्यावे लागे अशा त्या दिवसांत आमच्या मेहुण्यांनी आर्णीकडच्या आपल्या गोठ्यातले दोन महिन्यांचे एक तांबूस पिल्लू आणून आमच्या ओसरीवर सोडले. पैनगंगा ओलांडली की माहूर, आणि माहूर म्हणजे ज्यांच्या पायाशी चार श्वान बसतात त्या दत्तप्रभूंचे ठाणे. तेव्हा चालून आलेल्या श्वानास परत पाठविण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची केलेली दैना ताजी असल्यामुळे मुलांनी त्याचे नाव बोंड्या ठेवले.

बोंड्याला आम्ही अंगणात नेत असू. अंगण शहाबादी फरशीचे. तो फरशी हुंगी, एखाद्या मुंगळ्यामागे धावे, पुन्हा येऊन आमच्या पायांशी बसे. आणि आम्ही कंटाळून त्याला आत घेतले रे घेतले, की नाक जमिनीला लावून गिरक्या घेत तो गादी, पायपुसणे किंवा कोपऱ्यात पडलेले गोणपाट गाठून तेथे निश्चिंतपणे आपला कार्यभाग उरकी. पुढे त्याला मागच्या खोलीचा शोध लागला. बोंडअळीच्या तावडीतून वाचलेला शेवटच्या वेचणीचा कापूस भावाची वाट पाहत तेथे पडला होता. विक्रीच्या दिवशी ढिगाची एक बाजू उकरली, तेव्हा आतला कापूस ओला, पिवळा आणि उग्र वासाचा निघाला. कापसात आठ टक्क्यांपर्यंतचा ओलावा विनातक्रार चालतो, त्यावर भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांपलीकडे माल घेण्यास नकार मिळतो. आमच्या त्या भागाचा ओलावा मोजण्याचे कष्टही खरेदीदाराने घेतले नाहीत, नुसता वास घेऊन तेवढा कापूस बाजूला काढावयास सांगितले.

यानंतर घरात मतमतांतरे सुरू झाली. पिल्लाचे नाक त्याच घाणीत घासावे आणि वर्तमानपत्राची सुरळी करून दोन तडाखे द्यावेत, हा उपाय शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी इतक्या अधिकारवाणीने सांगितला की आमच्या पुतण्याने तो लगोलग अमलात आणला. परिणाम असा झाला की बोंड्या आमच्यासमोर मुळीच बसेना. अंगणात नेले तर शेपूट पोटाशी घेऊन उभा राही, आणि आमची पाठ वळताच धान्याच्या कोठीमागे जाई. शिक्षेने पिल्लू शिकते, यात संशय नाही. मात्र ते असे शिकते की माणसादेखत हा विधी करणे धोक्याचे आहे. घटका दोन घटकांपूर्वीच्या कृत्याशी आताच्या तडाख्याचा संबंध जोडण्याची शक्ती त्याच्यापाशी नसते. ज्यांच्या घरी हा उपाय सुरू असेल त्यांनी तो आज, या क्षणी तहकूब करावा, कारण माणसादेखत बसावयास भिणाऱ्या पिल्लाला योग्य जागी बसल्याबद्दल शाबासकी देण्याची संधीच मिळत नाही.

उलगडा झाला तो मेहुण्यांच्या सालदाराकडून. तुरीचे पोते पोहोचवावयास आला असता आमची रडकथा ऐकून तो हसला आणि म्हणाला, "अवो भाऊ, थे कुटारावर जलमलं, त्याले फरशी काय समजते? त्याले कुटार द्या ना बाप्पा!"

वास्तविक शास्त्रही हेच सांगते. पिल्लू तीन आठवड्यांचे होईपर्यंत आई त्याला चाटून मलमूत्रविसर्जन करविते व ते साफही करिते. त्यानंतर पिल्लू निजण्याची जागा सोडून चार पावले दूर जाऊ लागते, आणि दुसरा महिना पुरा होण्याच्या सुमारास पायाखाली कोणता स्पर्श आला असता बसावयाचे, याची आवड त्याच्या ठायी पक्की होऊ लागते. गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगालगत वाढलेल्या बोंड्याला मऊ, भुसभुशीत, ओल शोषून घेणारा पृष्ठभाग म्हणजे शौचाची जागा, एवढेच कळत होते. त्याच्या दृष्टीने कापूस, गादी आणि गोणपाट ही कुटाराचीच नामांतरे होती. आम्ही मात्र त्याला ऊन फरशीवर उभे करून समजूतदारपणाची अपेक्षा करीत होतो.

मग परसदारी, भिंतीच्या सावलीत, हातभर रुंदीची जागा विटांनी आखून तीत टोपलीभर कुटार पसरले आणि त्याने घरात भिजविलेल्या चिंधीचा एक तुकडा त्यात ठेवला. बोंड्याने तेथे पाय टाकला, दोन गिरक्या घेतल्या, आणि बसला. ज्वारीच्या भाकरीचा कण त्याच्या तोंडात त्याच क्षणी पडला. ही शाबासकी काम आटोपल्याबरोबर, त्याच जागी द्यावी लागते, कारण घरात परतल्यावर दिलेला तुकडा हा घरात परतल्याचा मोबदला ठरतो. पुढे कुटारात थोडी थोडी माती मिसळीत गेलो आणि कुटार कमी करीत गेलो, तेव्हा नुसत्या मातीवर बसावयास त्याची हरकत राहिली नाही. तुमचे पिल्लू शहरातल्या एखाद्या पिंजऱ्यात कागदावर वाढले असेल तर कुटाराऐवजी कागदापासून, आणि गवतावर वाढले असेल तर गवतापासून आरंभ करावा. हे ज्याने विचारून घेतले त्याचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम वेळेचे, आणि तेथे कसोटी माणसांची लागते. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत, खेळ थांबताच आणि रात्री निजण्यापूर्वी पिल्लाला बाहेर न्यावेच लागते. जितक्या महिन्यांचे वय तितके तास, फार तर त्याहून एखादा अधिक, एवढीच त्याची धारणाशक्ती असते. तेव्हा दोन महिन्यांच्या जिवाने रात्रभर कळ काढावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. रात्री त्याची टोपली आपल्या खाटेशेजारी ठेवावी, कुईकुई ऐकताच त्याला उचलून न्यावे आणि बोलणे वा खेळणे न करता परत आणावे. दिवसा ते नजरेआड होता कामा नये. लक्ष ठेवणे शक्य नसेल त्या वेळी आखूड दोरीने खाटेच्या पायाला आपल्याजवळच बांधलेले बरे. कोणी न्यावयाचे, हे घरात मुक्रर झालेले असावे. सर्वांनी मिळून न्यावयाचे, असा ठराव झाला की कोणीच नेत नाही, हा अनुभव कचेरीतही येतो.

आमच्या मुलखात या वेळापत्रकाला सूर्याचीही मंजुरी घ्यावी लागते. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि दुपारच्या फरशीवर पिल्लाचे कोवळे तळवे अक्षरशः भाजतात. आपल्या हाताची पाठ जेथे काही पळे टेकवत नाही, तेथे त्याला उभे करू नये. सावलीतली माती हाच मार्ग. कूलरच्या झिरपत्या पाण्याने ओली झालेली आतली थंड फरशी त्या वेळी त्याला फार मोहात पाडते, म्हणून कूलरखाली ताट ठेवून ती कोरडी राखावी. टंचाईच्या दिवसांत पिल्लाचे पाणीच तोडावे म्हणजे मूत्रही कमी, असा हिशेब कोणी मांडला तर त्याला गप्प करावे. असल्या उष्म्यात पाणी तोडणे म्हणजे पिल्लाच्या प्राणाशी खेळ आहे. खाणे मात्र ठरल्या वेळी, दिवसातून तीन-चार वेळा, आणि उरलेले ताट उचलून घ्यावे.

सफाईविषयी थोडेच सांगतो. घाण झालेल्या जागी वास उरला म्हणजे तेथील वहिवाट कायम झाली. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, मग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने फरशीच्या सांध्यांसह पुसावे. फिनाइल मूळ वास न घालविता त्यावर दुसरा वास चढविते, आणि ते चाटल्याने पिल्लास विषबाधा होऊ शकते. सारवलेली जमीन असेल तर ओला थर खरवडून काढून पुन्हा सारवावे.

बाहेर न्यावयाचे म्हणजे आपल्या परसदारी, रस्त्यावर नव्हे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून येतो, जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि रक्ताच्या हगवणीने पिल्लांचा बळी घेतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या मात्रा, आणि तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस, हे पुरे होईतो उकिरड्याकडे फिरकू देऊ नये. जंतांचे औषधही सोबत द्यावे. शिकलेले पिल्लू एकाएकी घरात थेंब थेंब टाकू लागले किंवा मूत्रात रक्त दिसले, तर ते दुखणे समजून सरळ पशुवैद्यकाचे दार गाठावे.

मृगाच्या सरी आल्या तेव्हा सारे पुन्हा विस्कटले. काळ्या मातीचा चिखल बोटांत भरू लागताच बोंड्या उंबऱ्यावरच अडून बसे. विटांच्या चौकटीवर एक जुना पत्रा तिरपा टाकला, खाली पुन्हा मूठभर कुटार पसरले आणि छत्री घेऊन त्याच्याबरोबर आपण उभे राहण्याची तयारी दाखविली, तेव्हा तो मानला.

एक गोष्ट मात्र पुष्कळ दिवस राहिली. मेहुणे दारात आले आणि वाकून, मोठ्याने हाका मारीत त्याला कुरवाळू लागले, की बोंड्या उताणा होऊन जागच्या जागी चार थेंब सोडी. हा अस्वच्छपणा नव्हे. लहान जीव मोठ्यापुढे अशा रीतीने शरणागती दाखवितो, आणि त्यावर रागावले तर ती वाढतच जाते. येणाऱ्याने त्याच्याकडे न पाहता आत यावे, बसावे, आणि ते शांत झाल्यावर खाली बसून छातीकडून हात लावावा, म्हणजे वयाबरोबर ही सवय सुटते. मेहुण्यांना हे सांगितले तेव्हा ते थोडे फुरंगटले. हल्ली ते येतात, जोडे काढतात, पेलाभर पाणी पितात, पिकापाण्याची हकिगत सांगतात, आणि मग बोंड्याची विचारपूस करतात.