शेतकरी महिला आणि हृदयविकार : वेळीच ओळख व प्रतिबंध



गोठ्यातील गाईने एक वेळ वैरण सोडली, तर आपण संध्याकाळपर्यंत पशुवैद्यकाला बोलावतो. घरातील बाई मात्र "छातीत जळजळतंय, पाठ भरून आलीय, हंडा आणताना दम लागतो" असे चार दिवस सांगते, तेव्हा तिला सोडा-लिंबू देऊन भागवले जाते आणि ती पुन्हा खुरपणीला जाते. आमचा विषय कृषिविद्येचा, वैद्यकाचा नव्हे. परंतु शिवारफेरीत असे प्रसंग वारंवार कानी येतात, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

हृदयविकार हा पुरुषांचा रोग, शिवाय शेतात राबणाऱ्या बाईला तो होत नाही, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. जगभरात महिलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. पाळी चालू असेपर्यंत स्त्री-संप्रेरकांमुळे काही संरक्षण मिळते. पाळी गेल्यावर ते कमी होते. मधुमेह असल्यास पाळी चालू असतानाही त्याचा फारसा आधार राहत नाही. गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब वाढला होता किंवा रक्तात साखर आढळली होती, त्यांना पुढील आयुष्यात धोका अधिक असतो. तेव्हा बाळंतपणाचे कागद जपून ठेवावेत व डॉक्टरांना दाखवावेत.

लक्षणे कशी ओळखावीत?

छातीत दुखणे किंवा दडपण येणे हे प्रमुख लक्षण स्त्रियांतही असतेच. पण त्यासोबत, व काही वेळा त्याऐवजी, धाप लागणे, जबडा, मान, पाठ किंवा हातात कळ येणे, मळमळ, थंड घाम, कारण नसताना आलेला गळून गेल्यासारखा थकवा अशी लक्षणे स्त्रियांत अधिक आढळतात. त्यामुळेच पित्त समजून वेळ दवडली जाते. अशी लक्षणे अचानक सुरू होऊन थांबत नसतील, तर १०८ क्रमांकावर फोन करावा व कार्डिओग्रामची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा गुण पहिल्या एक-दोन तासांत सर्वाधिक येतो. बारा तासांनंतर फारसा उपयोग होत नाही. पहिला कार्डिओग्राम चांगला आला तरी त्रास चालूच असल्यास तो पुन्हा काढण्याची विनंती करावी.

मशेरी

या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही. बाई विडी ओढत नाही, म्हणून घरात तंबाखू नाही असे आपण धरून चालतो आणि चुलीजवळ मशेरीची डबी असते! मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात जाते, नाडीचा वेग व रक्तदाब वाढवते. दिवसातून तीन-चार वेळा लावण्याची सवय असेल, तर आधी वेळा कमी कराव्यात व मग पूर्ण सोडावी. लाकूड-गोवऱ्यांचा धूरही हृदयाला घातक आहे. गॅस असूनही सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी भाकरी चुलीवर होत असेल, तर निदान धुराला वाट ठेवावी.

आहाराबाबत आमच्या विषयाचा थोडा संबंध येतो. करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते, तर जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. दोन्ही हृदयाला अनुकूल आहेत. बांधाला चार ओळी जवस घेतला, तर वर्षभराची चटणी घरची होते. मात्र करडईचे तेल आहे म्हणून सढळ हाताने ओतू नये. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो तेल पुरे. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, वनस्पती तूप टाळावे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या, म्हणजे लहान चमचाभराच्या आत ठेवावे. यात लोणचे, पापड व खारवलेल्या मिरचीतील मीठही धरावे.

वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही. म्हणून तिशीनंतर दरवर्षी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टरांनी दिलेली गोळी बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नये. बाजाराच्या दिवशी बियाणे-खतांसाठी तालुक्याला जाताना घरातील बाईलाही सोबत न्यावे आणि तपासणी आधी उरकावी, खरेदी मागाहून.