नव्व्याण्णव टक्क्यांचा हिशेब

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत टाक्यांत समुद्री मासे वाढवायचे म्हटलं की जो तो विचारतो, खारं पाणी आणायचं कुठून? ते आणता येतं, मीठ कालवून बनवताही येतं. मी मात्र आधी विचारीन, ते टाकणार कुठे? समुद्राच्या पाण्यात घनमीटरला सुमारे ३५ किलो क्षार असतात. विक्रेता ‘९९ टक्के पाणी पुन्हा वापरात’ म्हणतो, तेव्हा ते ९९ टक्के कशाचे, हे तपासावं. १०० घनमीटरच्या टाक्यांतलं पाणी तासाला एकदा फिल्टरमधून फिरलं तर दिवसभरात २,४०० घनमीटर फिरतं. त्याचा एक टक्का २४ घनमीटर. म्हणजे जवळजवळ पाव टाकी रोज बाहेर, आणि तिच्याबरोबर ८४० किलो क्षार! एवढं ओढ्यात सोडलं तर खालच्या शेतकऱ्याची जमीन जाणार. गाळही खारट, त्यामुळे खत म्हणून कुणी उचलत नाही.

मग पाणी बदलूच नका, फिल्टर वाढवा, असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. ड्रम फिल्टर विष्ठा गाळतो, प्रोटीन स्किमर विरघळलेली घाण फेसाबरोबर काढतो, बायोफिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. पण खाऱ्या पाण्यात हे जिवाणू स्थिरावायला कित्येक आठवडे लागतात, तोवर बीज सोडण्याची घाई नको. पुढे नायट्रेट साठत जातं. ते काढायला प्राणवायूविना चालणारी वेगळी टाकी लागते, आणि खरा धोका तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. गाळ साचला, नायट्रेट संपलं, की दुसरे जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि त्याची अत्यल्प मात्राही माशांना मारते. (अमोनिया सगळे मोजतात, हा वायू फारच थोडे.)

‘जर्मनीत जमतं, मग इथे का नाही?’ जर्मनीतल्या फ्योल्क्लिंगेन या समुद्रापासून लांबच्या गावात मासे वाढले, पण प्रकल्प नगरपालिकेच्या कंपनीला तोट्यात टाकून गेला. हरियाणातला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो: भूजल आधीच खारट, त्यात पोटॅशियम घालून कोळंबी. आपला जिताडा तर गोड्या पाण्यातही वाढतो, त्याच्यासाठी समुद्र आत आणायची गरजच नाही. तरीही समुद्री मासाच हवा असेल, तर करारावर सही करण्यापूर्वी किलोभर खाद्यामागे किती लिटर नवं पाणी लागेल आणि खारा गाळ कोण, कुठे नेणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.