यंत्राचें आत्मपरीक्षण

नांदेडच्या रेल्वे-स्थानकावर आपण तिकिटासाठीं रांगेंत उभे राहतों, तेव्हां खिडकीआडचा संगणक साऱ्या गाड्यांतील जागांचा हिशेब स्वतःपाशीं बाळगीत नसतो. तो दूरच्या संगणकास विचारतो व मग उत्तर देतो. हे निरोप ने-आण करणाऱ्या पेट्यांस स्विच व राउटर म्हणतात. स्विच एकाच इमारतींतील संगणकांस जोडतो. राउटर एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्यांत जाण्याची वाट दाखवितो. वीज जाऊन परत आली, म्हणजे या पेट्या कांहीं वेळ मूक राहतात आणि रांगेंतील मंडळी कारकुनावर रागावतात. वस्तुतः त्या वेळीं पेटी स्वतःची परीक्षा घेत असते.

वीज जातांच पेटीची कामाची स्मृति पुसली जाते. परंतु तिच्यांतील एका चिपेंत, वीज गेली तरी न पुसणारी, एक लहानशी आज्ञावली सांठविलेली असते. प्रोसेसर प्रथम तीच वाचतो व परीक्षेस आरंभ होतो.

प्रथम स्मृतीची पाळी. पाटीवर आंकडे लिहून तेच वाचून पाहावे, त्याप्रमाणें प्रोसेसर स्मृतीच्या घरांत शून्य व एक हे अंक आलटून पालटून लिहितो आणि परत वाचतो. लिहिलें एक व वाचलें दुसरें, असें झाल्यास तें घर बिघडलें म्हणावयाचें. नंतर दारांची पाळी. पेटी एक निरोप दारापर्यंत धाडते व आंतल्या आंत परत वळवून घेते. तो अक्षरशः तसाच आला, तर दार ठीक. शेवटीं मुख्य आज्ञावली स्मृतींत उतरवितांना तिचा ताळा पाहतात. गणितांत आपण उत्तराचा ताळा घेतों, तसाच हा प्रकार: साऱ्या अंकांवरून काढलेली संख्या पूर्वीं नोंदलेल्या संख्येशीं जुळली पाहिजे.

दिव्यांचे संकेत कारखान्यागणिक भिन्न असतात. पुष्कळ स्विचांवर परीक्षा चालू असतां हिरवा दिवा लुकलुकतो, उत्तीर्ण होतांच स्थिर होतो आणि दोष सांपडल्यास नारिंगी होतो. म्हणून उतावीळपणें बटण पुनःपुन्हा दाबूं नये. प्रत्येक वेळीं परीक्षा पहिल्यापासून सुरू होते. पेटी आपली मुख्य आज्ञावली बदलून घेत असतां वीज तोडल्यास तर ती कायमची निकामी होण्याचाहि संभव असतो.

मात्र या परीक्षेस मर्यादा आहे. रस्ता खणतांना बाहेरची तार तुटली असली, तरी पेटीचा हिरवा दिवा स्थिरच राहतो, कारण तिनें केवळ स्वतःलाच तपासलेलें असतें. आणि प्रोसेसरच बंद पडला, तर दोष सांगणार कोण? यास्तव जाणता कारागीर दिवा पाहून थांबत नाहीं. तो शेजारच्या यंत्रास हाक घालतो व उत्तर येईतों वाट पाहतो.

आपलेंहि असेंच नाहीं काय? कामास लागण्यापूर्वीं स्वतःस तपासावें हें खरें. परंतु आपली चूक आपल्याला दिसतेच असें नाहीं. म्हणून आपलें उत्तर दुसऱ्यास दाखवून घेण्यांत कमीपणा मानूं नये.