व्यायाम-सायकलीचे परीक्षण व निगा : चिकित्सकाचे एक कर्तव्य

प्रमेह, स्थौल्य यांसारख्या संतर्पणजन्य व्याधींत व्यायाम ही चिकित्साच होय. पावसाळ्यात बाहेर चालणे दुष्कर झाले की आपण रुग्णास घरीच स्थिर सायकल चालविण्यास सांगतो. औषधाची मात्रा, काल व अनुपान आपण काटेकोरपणे सांगतो. परंतु ज्या यंत्रावर व्यायाम घडावयाचा, त्याची अवस्था क्वचितच विचारतो. या उपेक्षेचा परिणाम मी स्वतः अनुभवला, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुग्णवृत्त

मधुमेहाच्या एका ४८ वर्षीय रुग्णास आषाढात रोज २० मिनिटे सायकल चालविण्याचा सल्ला दिला. तीन आठवड्यांत डाव्या गुडघ्यात, विशेषतः वाटीच्या पुढील भागी, शूल सुरू झाला. शोथ नव्हता, आघाताचा इतिहास नव्हता. वातज संधिशूल समजून स्नेहन, स्वेदन व जानुबस्ती केली. चार दिवस आराम पडे, पुन्हा वेदना होत. अखेर रुग्णाने सायकल सोडली आणि रक्तशर्करा पुन्हा वाढली.

गृहभेटीत कारण उलगडले. बैठकीची कळ झिजल्याने बैठक चार अंगुळे खाली घसरली होती. डावे पेडल डुलत होते; ते आवळण्यासाठी घरच्यांनी उजवीकडे फिरविले, त्यामुळे ते अधिकच सैल झाले होते. दमट हवेने चाकाच्या कडेवर गंज चढून ताणपट्टा अडखळत होता. निदानपरिवर्जन झालेच नव्हते, मग चिकित्सा कशी फळावी?

परीक्षण व दुरुस्ती

१. बैठक : पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी, पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालविताना गुडघ्यात किंचित वाक राहतो. बैठक खाली असल्यास गुडघा अधिक दुमडून वाटीवर दाब वाढतो. फार वर असल्यास कंबर डोलते. दांड्यावरील मर्यादेच्या खुणेपलीकडे बैठक उचलू नये. कळ झिजली असल्यास ती बदलावी. कागदाच्या घड्या खुपसून वेळ मारून नेऊ नये.

२. पेडल : बहुधा १५ मिमीचा पाना लागतो. उजवे पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळते, डावे मात्र उलट दिशेने. डाव्याचे आटे उलटे असतात. काढून पुन्हा बसविताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे व प्रथम हातानेच फिरवावे. सैल पेडल तसेच चालविल्यास क्रँकचे आटे जातात. मग क्रँक बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

३. ताण : ताणाची कळ पूर्ण सैल केल्यावर चाक मोकळे फिरले पाहिजे. चाकाच्या कडेवरील गंज बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसावा. ताणपट्ट्यास किंवा कडेस तेल कदापि लावू नये, पट्टा घसरतो. कुरतडलेला पट्टा बदलावा. चुंबकीय सायकलीत ताण बदलत नसल्यास कळीपासून आत जाणारी तार सुटली आहे काय, ते पाहावे.

४. चेन : चेन असल्यास पुसून यंत्राच्या पातळ तेलाचे थेंब द्यावेत व जादा तेल टिपावे. चेनऐवजी रबरी पट्टा असल्यास तो कोरडाच ठेवावा. आवरण उघडल्यावर चाक फिरते असताना आत बोट घालू नये. मुलांना दूर ठेवावे.

५. मापक : आकडे उमटत नसल्यास प्रथम सेल बदलावेत, नंतर तारेची जोडणी तपासावी.

सांध्याच्या जोडावर तडा गेलेला असल्यास, अथवा क्रँकच्या मुळाशी खटखट येत असल्यास, सायकल बंद ठेवून कारागिरास दाखवावी.

नित्य निगा

घामातील क्षार लोखंड खातो, म्हणून व्यायामानंतर दांडा, बैठक व चौकट कोरड्या फडक्याने पुसावी. आठवड्यातून एकदा सर्व नट-बोल्ट हाताने चाचपावेत. पावसाळ्यात सायकल खिडकीपासून दूर ठेवावी. तळाचे पाय फिरवून ती समतल करावी. डुलणारी सायकल सांध्यांना व बोल्टांना सारखीच घातक. दीर्घकाळ वापर नसल्यास सेल काढून ठेवावेत.

मात्राविचार

अष्टांगहृदयात दिनचर्याध्यायी शीतकालात व वसंतात अर्धशक्तीने, तर अन्य ऋतूंत त्याहून अल्प व्यायाम सांगितला आहे. अडखळणारा ताण असल्यास रुग्णाची इच्छा नसतानाही मात्रा वाढते, आणि ती वर्षाऋतूत, म्हणजे वातप्रकोपाच्या काळात वाढते. मापकावरील कॅलरीचा आकडा केवळ अंदाज असतो. कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणेच प्रमाण मानावीत. छातीत दुखणे वा भोवळ आल्यास व्यायाम तत्काळ थांबवून तपासणी करावी.

उपरोक्त रुग्णाची बैठक वर घेतली, पेडल घट्ट केले, गंज काढला. दोन आठवड्यांत शूल ओसरला व तो पुन्हा नियमाने सायकल चालवू लागला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. परंतु त्यानंतर मी रुग्णपत्रकावर तीन प्रश्न लिहू लागलो : बैठक किती उंच आहे? पेडल डुलते काय? ताण एकसारखा आहे काय? वैद्यबंधुभगिनींनी जानुशूलाच्या रुग्णास हे अवश्य विचारावे. गुडघ्यास तेल लावण्यापूर्वी सायकलीकडे पाहावे, इतकीच विनंती.